पहिला नंबर

"हेंड्रिक्सला लोकांनी उगंच डोक्यावर घेतलंय," सिद्धनाथ म्हणाला.

शिवप्पाने हातातला सोल्डरिंग आयर्न खाली ठेवला. मानसिंग चहाचा कप तोंडाशी नेत होता, तो त्याने तसाच बशीत आणला. रेडिओग्रामवर रेकॉर्ड अजून फिरत होती.

"काय म्हणालास बे?" मानसिंगने विचारलं.

"डोक्यावर घेतलंय म्हनलं. हातात धार न्हाय त्येच्या. बोथट वाजिवतोय. वर खेचलेला सूर टिकाय पायजे का न्हाय? ह्यो मधीच सोडून देतोय."

"अरे, सहा वर्षं तूच आम्हाला पढवलंस की गिटारवाल्यांत हा पहिला! माझ्या क्लॅप्टनला तिसऱ्या नंबरावर बसवलंस. दुसरासुद्धा दिला नाहीस."

"चुकलो आसंल. मानूस चुकत न्हाय व्हय?"

"मत बदल, माझी ना नाही. पण कारण तरी खरं दे. बोथट? ह्याला बोथट? आणि रेकॉर्ड तीच आहे, मी पुण्याहून आणलेली."

"मंग झिजली आसंल ती. न्हायतर सुई गेली आसंल. शिवप्पा, सुई बदल की."

"दोन महिन्यात दोनदा बदललो की री," शिवप्पा म्हणाला. "तिसरी आहे ही."

सिद्धनाथ उठून रेडिओग्रामपाशी गेला आणि ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर वाढवायचं, बटण फिरवायला लागला. ते आधीच पुरतं फिरलेलं होतं.

"उद्या म्हणशील सँटाना सगळ्यांत भारी," मानसिंग म्हणाला.

"ते तर आहेच," शिवप्पा म्हणाला. सँटानाच्या मागे जे ढोल वाजत त्यावर शिवप्पाचा जीव होता. पण आज त्यावर कुणी हसलं नाही.

"तुला ऐकाय कुटं येतंय मानसिंग?" सिद्धनाथ म्हणाला. "तुला फोटू लागतोय."

मानसिंगने सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट काखेत मारलं आणि पायऱ्या उतरून चालू लागला. जाताना एवढंच म्हणाला, "पुन्हा आणायचो नाही."

हे सगळं नव्या पेठेमागच्या बोळात, शिवप्पाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, चौऱ्याहत्तर सालातल्या एका रविवारी घडलं. शिवप्पा मूळचा अक्कलकोटचा, मानसिंग रेल्वेत गार्ड, आणि सिद्धनाथ सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता सोलापुरातल्या एका कापडमिलच्या मागखात्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा. तिघांना एकत्र आणलं होतं शॉर्टवेव्हने. सदुसष्ट-अडुसष्ट साली दुरुस्त झालेला रेडिओ तपासून बघताना शिवप्पाने काटा फिरवला आणि कुठल्या तरी परक्या स्टेशनावर गिटार लागली. घड्याळ दुरुस्तीला टाकायला निघालेला सिद्धनाथ दारात थबकला, तो स्टेशन बंद होईपर्यंत तिथेच उभा. दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. मानसिंग तर आधीपासूनच त्या नादात होता. पुण्याला ड्यूटी लागली की कॅम्पातल्या जुन्या बाजारातून तो जुन्या रेकॉर्डी शोधून आणी. एका वकिलाने दुरुस्तीला टाकून परत न नेलेला रेडिओग्राम शिवप्पाकडे होताच.

सिद्धनाथला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. गाणं कशाबद्दल आहे हे त्याने कधी विचारलंही नाही. त्याचं लक्ष वाजवणाऱ्याच्या हाताकडे. चाळीस माग एकदम खडखडत असताना कितव्या मागाचा पट्टा सैल पडलाय हे नुसतं ऐकून सांगणारा तो जॉबर होता, त्याच कानाने तो गिटार ऐके. एकदा म्हणाला, "ह्यो तार नुसती दाबीत न्हाय. दाबून आडवी ढकलतोय. म्हनून सूर असा वर सरकतोय." मानसिंग हसला होता. तार आडवी ढकलली तर तुटेल, म्हणाला. पुढे चार-सहा महिन्यांनी पुण्यात त्याला एक विलायती मासिक मिळालं. त्यात गिटारवाल्याचा हात जवळून दिसेल असा फोटो होता. बोटाने तार दाबून आडवी ढकललेली. मानसिंग स्टेशनावरून गणवेशातच दुकानात आला, मासिक सिद्धनाथच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. त्या दिवसापासून त्या दुकानात सिद्धनाथ म्हणेल तो निकाल. भांडणं होत, कप आपटले जात, क्लॅप्टनसाठी मानसिंग घसा कोरडा करी, पण नंबर लावायचा तो सिद्धनाथनेच.

आयुष्यात दुसरीकडे कुठे त्याला कुणी निकाल विचारला नव्हता.

मंगळवारी पहिली पाळी सुटल्यावर सिद्धनाथ घरी जायच्या आधी दुकानात डोकावला. मानसिंग नव्हताच. शिवप्पा जणू त्याची वाटच बघत होता.

"बस हितं," शिवप्पा म्हणाला. त्याने टेबलाखालून एक पत्र्याची पेटी काढली. लग्नातल्या लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर तपासायला त्याने ती स्वतःच बनवली होती. बटण फिरवलं की तिच्यातून एकच सूर निघे, खर्जातून सुरू होऊन वर वर जाणारा. "मी वर नेत जातो. ऐकू यायचं बंद झालं की हात वर कर."

"कशापायी?"

"कर तर री."

पेटी घुमली. सूर चढत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि संपला. सिद्धनाथने हात वर केला. शिवप्पाची बोटं बटणावरच होती, आणि बटण अजून हळूहळू फिरत होतं.

"बंद केलास न्हवं?" सिद्धनाथने विचारलं.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसणारी फुलाबाई मागे वळली. तिने दोन्ही कानांवर हात दाबले होते.

"अवो, बंद करा की त्ये! कान किटलं माजं!"

शिवप्पाने बटण मागे फिरवलं. फुलाबाईने हात खाली घेतले. शिवप्पाने पुन्हा बटण पुढे नेलं. फुलाबाईचे हात पुन्हा कानांवर गेले. सिद्धनाथला फुलाबाई ऐकू येत होती, रस्त्यावरच्या टांग्याच्या टापा ऐकू येत होत्या, पेटीतून मात्र काहीच येत नव्हतं.

"आनखी एकदा कर," तो म्हणाला.

शिवप्पाने आणखी एकदा केलं. फुलाबाई पाटी उचलून पलीकडच्या पायरीवर गेली.

"कवापास्नं हाय ह्ये?" सिद्धनाथने विचारलं.

"मला काय ठाव? तू ट्रेबल पूर्ण फिरवून ठेवायला लागलास, तवापासून बघतोय मी. सुई चांगली होती. काढलेल्या दोन्ही सुया ठेवलोय मी. चांगल्या आहेत."

"मागखात्यात आमी समदे आसलेच की. पंचवीस वर्सं झाली."

"असशील री. पण ते सगळे हेंड्रिक्सला नावं ठेवत न्हाईत."

सिद्धनाथ घरी निघाला. कान गेल्याचं दुःख अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आधी त्याला रविवारचं आठवलं. जो माणूस चार वर्षांपूर्वी मेला, ज्याला उलट बोलता येणार नाही, त्याच्यावर आपण आळ घेतला. तो वाजवत होता. शेवटपर्यंत वाजवत होता. आपणच मध्येच उठून गेलो होतो.

घरी त्याची बायको केराबाई ज्वारी निवडत होती. सिद्धनाथ तिच्यासमोर भुईवर बसला.

"मला ऐकाय कमी येतंय का गं?"

केराबाईने हातातलं सूप बाजूला ठेवलं. "येतंय की कमी."

"तुला ठाव हुतं?"

"दोन वर्सं झाली, वरडूनच बोलतीय की मी तुमच्यासंगं. शेजारीण म्हनती, रोज भांडन लागतंय काय तुमच्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं तुमास्नी ठाव आसंल." केराबाईने जोंधळ्यातला खडा वेचून बाजूला टाकला. "बांगड्यांचा आवाज येतो का?"

तिने हात हलवला. काचेच्या हिरव्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या. सिद्धनाथने मान हलवली, नाही म्हणून. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मिलमध्ये त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं. मागखात्यात कुणीच कुणाचं ऐकून बोलत नसे. ओठ बघायचे आणि हातवारे करायचे, एवढ्यावर तिथे लग्नं जुळलेली होती. पण त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सतरा नंबरच्या मागावरच्या धोंडीरामने त्याला हात करून बोलावलं. धोंडीराम टेंभुर्णीकडचा, पोक्त कामगार, उगाच बोलावणारा नव्हे.

"बारीक किरकिरतंय," धोंडीरामचे ओठ म्हणाले. "सुतार लाकूड चिरताना येतो तसा आवाज येतोय."

सिद्धनाथ वाकला. पट्टा बघितला, खिळे बघितले, मागाच्या लोखंडावर तळहात ठेवला. हाताला तर सगळं रोजच्यासारखं लागत होतं. कान लावला. जाड ठोके तेवढे ऐकू आले, तेही नेहमीचेच.

"काय न्हाय," तो म्हणाला. "चालू दे."

जॉबरने चालू दे म्हटल्यावर धोंडीराम कशाला थांबतो? अर्ध्या तासाने मागाच्या कडेचा लोखंडी तुकडा मोडला आणि आडवा दोरा नेणारा धोटा सुटला. पोलादी टोकाचा, हातभर लांबीचा तो लाकडी धोटा धोंडीरामच्या भिवईवरून गेला आणि पलीकडच्या खांबावर आदळून फुटला. धोंडीराम मटकन खाली बसला. भिवई चिरली होती, डोळा वाचला होता. दवाखान्यात चार टाके पडले. सिद्धनाथ सोबत गेला. टाके घालताना त्याचा हात धोंडीरामने घट्ट धरला होता.

"तुज्याकडनं कसं काय सुटलं, सिद्धनाथ?" धोंडीरामने विचारलं. आवाजात राग नव्हता. नवल होतं. "पोरं म्हंत्यात तुज्या कानाला मिलमदी जोड न्हाय."

शनिवारी पाळी सुरू व्हायच्या आधी सिद्धनाथ मागखात्याच्या मास्तरांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. आबासाहेब मास्तर जुने, स्वतः मागावरून वर चढलेले.

"मला घडी खात्यात टाका," सिद्धनाथ म्हणाला.

"कालच्या भानगडीमुळं? अरे, लोखंड मोडायचं तेव्हा मोडतं. चौकशीत मी तसंच लिहिणार आहे."

"लोखंड आधी बोललं हुतं सायेब. धोंडीरामला ऐकू आलं, मला आलं न्हाय. वरचा बारीक सूर ऐकाय येत न्हाय मला."

आबासाहेबांनी दाराकडे पाहिलं. "आणखी कुणाला कळलंय हे?"

"मला कळलंय की."

"जॉबरकी सोडतोस म्हणजे काय सोडतोस, माहीत आहे ना? घडी खात्यात कापडाच्या घड्या घालायच्या आणि शिक्के मारायचे. काल आलेला माणूससुद्धा ते करतो. नोकरीची दहा वर्षं राहिलीत तुझी. अरे, माझा तरी कान कुठं शाबूत आहे?"

"तुमी मागापाशी कुटं हुबं ऱ्हाताय आता?" सिद्धनाथ म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला ते जास्त झालं असं वाटलं, पण आबासाहेब रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला.

सोमवारपासून सिद्धनाथ घडी खात्यात गेला. तिथे उजेड भरपूर होता आणि शांतता इतकी की पहिले दोन दिवस त्याला चक्कर आल्यासारखं वाटलं. माणसं तोंडाने बोलत. ती काय बोलतात हे कळायला त्याला पुन्हा ओठच बघावे लागत.

शिवप्पाने मानसिंगला सगळं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मानसिंग आला, काखेत तीच रेकॉर्ड. सिद्धनाथ उठून उभा राहिला.

"त्या दिसाचा निकाल मी मागं घेतो," तो म्हणाला. "हेंड्रिक्स वाजवत हुता. मला ऐकाय येत न्हवतं. आनि आजपास्नं नव्या रेकॉर्डीवर मी बोलनार न्हाय. म्या जे ऐकल्यालंच न्हाय, त्येला नंबर कसा देऊ? पर जुन्या समद्या हितं हायत." त्याने कपाळावर बोट ठेवलं. "त्येंच्याबद्दल कुनाचं ऐकून घेनार न्हाय."

"बरोबर आहे तुझं," मानसिंग म्हणाला.

"हेंड्रिक्स पयला."

"पहिलाच."

"तुजा क्लॅप्टन तिसरा."

"तिसरा," मानसिंग म्हणाला आणि चहा प्यायला.

सिद्धनाथ त्याच्याकडे बघत राहिला. मग शिवप्पाकडे वळून म्हणाला, "मला वाटतंय, ह्येचा क्लॅप्टन धाव्या नंबरावर न्ह्यावा. गिटार धरायची अक्कल न्हाय त्येला."

शिवप्पा सोल्डरिंग आयर्नवर फुंकर मारू लागला. मानसिंग म्हणाला, "असेल बाबा. तुझा कान आमच्यापेक्षा तयार."

"तयार व्हता!" सिद्धनाथ ओरडला. बोळातली दोन माणसं थांबली. "भांड की लेका! गप काय बसतोस? मी काय मेलोय? सहा वर्सं क्लॅप्टनसाठी माज्या उरावर बसत हुतास, आन आज धावा म्हनलं तरी आसंल म्हंतोस?"

मानसिंगने मान खाली घातली. सिद्धनाथने चपला घातल्या आणि निघून गेला. घडी खात्यात जाताना जे झालं नव्हतं ते त्याला तेव्हा झालं. नव्या पेठेतून चालताना त्याचे डोळे भरून येत होते आणि तो ते बाहीने पुशीत होता. लोक बघताहेत याची त्याला फिकीर नव्हती.

त्यानंतर दोन रविवार मानसिंग दुकानात आला नाही. ड्यूटी आहे, शिवप्पा म्हणाला, पण म्हणताना त्याने नजर दुसरीकडे नेली. तिसऱ्या रविवारी सिद्धनाथने विचारलं, आज कुठली गाडी? शिवप्पाने सांगितलं. दुपारी तीनच्या सुमाराला सिद्धनाथ प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेला आणि चालत चालत पार शेवटच्या डब्यापाशी पोचला. मानसिंग पांढऱ्या गणवेशात दाराशी उभा राहून कागदावर सही करत होता.

"माजा निकाल बदलला न्हाय," सिद्धनाथ खालून म्हणाला. "तिसराच हाय त्यो."

मानसिंगने सही पुरी केली. कागद हमालाच्या हातात दिला. मग खाली उतरला आणि सिद्धनाथच्या अगदी समोर, ओठ दिसतील असा उभा राहिला.

"तुला खरं सांगू बे?" तो म्हणाला. "तुझा हेंड्रिक्स निम्मा गोंगाट करायचा. निम्मा! त्याला लोकांनी डोक्यावर घेतलंय म्हणालास ना त्या दिवशी, तेव्हा मी मनात म्हटलं, सहा वर्षांनी एकदा खरं बोलला. फक्त कारण चुकीचं देत होतास, म्हणून भांडलो. माझा क्लॅप्टन बघ. एक सूर जास्त नाही, एक कमी नाही."

"गोंगाट?" सिद्धनाथचा आवाज चढला. "गोंगाट म्हंजे काय, मला इचार! पंचवीस वर्सं मागखात्यात काढली मी. गोंगाटाला धनी नसतो. ह्येच्या एकेका आवाजाला धनी हुता. कुटं सोडायचा, कुटं धरायचा, समदं त्येच्या हातात. तुजा क्लॅप्टन म्हंजे इस्तरी केल्यालं कापड. मी रोज घड्या घालतोय तसलं!"

"मग घाल की घड्या! इस्त्रीच्या कापडालाच गिऱ्हाईक असतं!"

"गिऱ्हाइकावर नंबर लागतोय व्हय?"

शेवटच्या डब्यातली माणसं खिडकीतून डोकी काढून बघायला लागली. मानसिंगचा चेहरा लाल झाला होता, बोट सिद्धनाथच्या छातीवर टेकलं होतं. "आणि तो सँटाना," तो म्हणाला, "तो चौथ्याच्या वर येत नाही, हे शिवप्पाला तू सांग. मी सांगितलं की तो आठवडाभर बोलत नाही."

"मी सांगनार न्हाय. त्येच्या दुकानात बसायचंय मला. तू सांग फुडच्या रईवारी."

"रविवारी सांगतो. तू ये फक्त."

पुढे सिग्नल पडला. मानसिंगने खिशातून घड्याळ काढून पाहिलं, घाईने डब्यात चढला आणि दारात उभा राहून हिरवा झेंडा उलगडला. मग त्याने गळ्यातली शिट्टी ओठांत धरली. सिद्धनाथ दहा पावलांवर होता. मानसिंगचे गाल फुगले, मानेची शीर ताठ झाली, शेजारच्या बाकावर झोपलेली एक म्हातारी दचकून उठली. गाल खाली बसले. गाडीला हिसका बसला आणि ती हलली.

सिद्धनाथ डब्याबरोबर चार पावलं चालला. दारातून मानसिंग अजून क्लॅप्टनबद्दल काहीतरी म्हणत होता. त्याचे ओठ दिसत होते तोवर सिद्धनाथ वाचत राहिला, आणि मग मान जोराने हलवून, तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडला, "न्हाय! आजाबात न्हाय!"